शिबिर संपल्यावर ‘बॉर्डरलाइन’वाल्यांचं काय? ठाण्यातल्या सोसायट्यांच्या कार्यकारी समित्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सगळे सदस्य,
ठाण्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

मी लॅब टेक्निशियन आहे. गेली बावीस वर्षं ठाण्यात लोकांचं रक्त काढते. सकाळी सहाला स्कूटर बाहेर काढायची, नौपाड्यातली दोन-तीन घरं, मग पाचपाखाडी, मग घोडबंदर रोडवरचे टॉवर, आणि नऊच्या आत सगळे नमुने लॅबमध्ये पोचते करायचे. तुमच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या गेटवरच्या रजिस्टरात माझी सही रोज असते. तुमच्या आरोग्य शिबिरातही सुई घेऊन बसलेली मी असते, किंवा माझ्यासारखी कुणीतरी.

ही शिबिरं तुम्ही कळकळीनं भरवता. रविवारची झोप मोडून खुर्च्या मांडता, आजी-आजोबांना हाताला धरून खाली आणता. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितेय. शिबिर संपून खुर्च्या उचलल्या गेल्या की एक मोठा घोळका तसाच घरी जातो आणि पुढचं वर्षभर त्यांच्याकडे कुणाचंही लक्ष नसतं.

हा घोळका ‘बॉर्डरलाइन’वाल्यांचा. उपाशीपोटी साखर १०४, ११२, ११९. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची साखर, ५.९ किंवा ६.२. उपाशीपोटी १०० ते १२५, ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४, यातलं काहीही निघालं तर ती डायबेटिसच्या आधीची पायरी. डॉक्टर तिला प्रीडायबेटिस म्हणतात. ज्याची उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याच्या वर निघते, त्याला डॉक्टर बाजूला बसवून बोलतात, पुढच्या तपासण्या होतात, औषध सुरू होतं. मधल्यांना आपण एवढंच सांगतो, “बॉर्डरलाइन आहे, गोड जरा कमी करा.” तो कागद घरी जाऊन लाइटबिलांबरोबर ड्रॉवरमध्ये पडतो.

हे वाक्य मीही म्हणत आलेय. आमच्याच मजल्यावर एक दादा राहतात. तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते, अंगानं सडपातळ, रोज आठच्या सुमाराची फास्ट लोकल पकडून फोर्टला जाणारे. शिबिरात त्यांची साखर १११ आली. कागद माझ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, “काय गं, काही काळजीचं?” मी म्हटलं, “छे हो दादा, बॉर्डरलाइन आहे. चहातली साखर कमी करा.” त्यांनी खरंच कमी केली. बाकी काही बदललं नाही, कारण बाकी काही मी सांगितलंच नव्हतं. सहा वर्षांनी चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय म्हणून ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळ्यातला पडदा तपासला आणि आधी साखर बघून या म्हणाले. रक्त घ्यायला मीच गेले. २३८. पडद्यावर तोवर रक्ताचे बारीक ठिपके आले होते. वहिनी दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, “पण तू तर बॉर्डरलाइन म्हणाली होतीस ना?” त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच कळत नव्हतं की मधल्या सहा वर्षांत काय झालं.

काय झालं ते मी हल्ली प्रत्येक शिबिरात सांगते. सोसायटीतल्या माणसांना ते इंटरकॉमवरून पटकन समजतं.

पार्सल आलं की गेटवरून वॉचमन फ्लॅटमध्ये फोन लावतो, घरातलं कुणी दार उघडतं, पार्सल आत जातं. जेवल्यावर रक्तात उतरणारी साखर म्हणजे ही पार्सलं. स्नायूंच्या पेशी म्हणजे फ्लॅट. आणि इन्सुलिन म्हणजे वॉचमननं लावलेला फोन. जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात आणि साठवून ठेवतात. आता समजा, घर आधीच सामानानं ठासून भरलंय. फोन वाजतो, कुणी उचलत नाही. वॉचमन पुन्हा लावतो, चारदा लावतो, दहादा लावतो, तेव्हा कुठे दार उघडतं. लॉबी रिकामी दिसते, म्हणून समितीला वाटतं सगळं सुरळीत चाललंय. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, मग स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडून साखर कशीबशी आटोक्यात ठेवतं. ही ओढाताण वर्षानुवर्षं चालू राहते आणि तेवढी वर्षं शिबिरातला आकडा नॉर्मलच येतो. ११२ दिसतो तेव्हा वॉचमन दमायला लागलेला असतो. ब्रिटनमधल्या एका मोठ्या, दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासातून असा अंदाज निघाला होता की डायबेटिसचं निदान होतं त्या दिवशी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची निम्म्याच्या आसपास ताकद आधीच गेलेली असते. म्हणजे दादांच्या बाबतीत आपण लॉबी भरून पार्सलं रस्त्यावर येईपर्यंत थांबलो.

लोक मला हमखास विचारतात, “रात्री आठनंतर पाणीसुद्धा प्यायलो नाही, मग सकाळी साखर वाढलेली कशी?” ती यकृताची साखर. आपण झोपेत असताना मेंदूला साखर लागते, ती यकृत पुरवतं, आणि पुरे झालं हे त्याला इन्सुलिन सांगतं. यकृतात चरबी साचली की तेही ऐकेनासं होतं आणि गरज नसताना साखर सोडत राहतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’ लिहिलेलं असतं ना, जे वाचून सगळे “हल्ली सगळ्यांनाच असतं” म्हणतात, त्याचं आणि या ११२ चं नातं अगदी जवळचं आहे.

आणि हे फक्त जाड माणसांचं दुखणं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांचाही अभ्यास केला, त्यात दिसलं की आपली बाळं वजनाला हलकी असूनही त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण टिकून असतं, कमी असतात ते स्नायू. वजनकाट्यावर ६४ किलो बघून “तुम्हाला काही नाही होणार” असं कुणालाही सांगू नका. दादाही ६४ किलोचेच होते.

म्हणून शिबिरात माझी पहिली मागणी शिंप्याच्या टेपची आहे. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांची ८० च्या आत हवी, ही आपल्या लोकांसाठीची मर्यादा. ती मोजायची शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर. पुरुष मला पँटचा नंबर सांगतात, “चौतीसच आहे गेली दहा वर्षं.” पँट पोटाच्या खाली बांधली जाते, पोट तिच्यावरून पुढे आलेलं असतं. बायकांसाठी आडोसा करा, मोजायला बाईच ठेवा, म्हणजे त्या संकोचणार नाहीत.

टेपबरोबर चार प्रश्न पुरतात. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशननं १०० गुणांचा एक तक्ता बनवलाय: वय, कंबर, हालचाल आणि आई-वडिलांचा डायबेटिस. साठ किंवा जास्त गुण आले तर धोका मोठा. समजा चव्वेचाळीस वर्षांचा माणूस आहे, कंबर ९६, वडिलांना डायबेटिस, दिवसभर बसून काम आणि व्यायाम नाही. वयाचे २०, कमरेचे १०, वडिलांचे १०, बैठकीचे ३०, झाले ७०. हाच माणूस नियमित व्यायामाला लागला आणि कंबर नव्वदच्या आत आली की ५०. वय आणि वडील बदलता येत नाहीत, तरी वीस गुण त्याच्या हातात असतात. हे गणित मी कागदावर करून दाखवते तेव्हा माणसं टेबलाजवळून हलत नाहीत.

हल्ली काही समित्या विचारतात की फास्टिंग इन्सुलिन आणि ‘होमा’ ठेवायचं का. उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून ४०५ नं भागायचं, असा इन्सुलिन रेझिस्टन्सचा अंदाज बांधायचा तो हिशोब आहे. एखाद्या पेशंटसाठी डॉक्टरांना उपयोगी पडू शकतो. पण इन्सुलिनची चाचणी लॅबनुसार बदलते, सगळ्यांना लागू होईल अशी एक रेघ नाही आणि खर्च बराच आहे. ते पैसे नमुने नीट घेण्यावर घालवा. सकाळी साडेदहाला, पोहे खाऊन आलेल्या माणसाच्या बोटाला टोचून आलेल्या १५१ चा काहीच अर्थ लावता येत नाही. साडेसात-आठला, आठ तास उपाशी असलेल्यांचं शिरेतून घेतलेलं रक्त हवं. आणि एचबीएवनसी करणार असाल तर सोबत हिमोग्लोबिन करा. लोह कमी असलेल्या बाईचं एचबीएवनसी खोटं वाढलेलं दिसू शकतं, आणि आपल्या बायकांमध्ये लोह कमी असणं किती आहे ते मी रोज नळीतल्या फिक्या रक्तात बघते.

गेल्या वर्षी एका शिबिरात एक आई आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीनं दुपट्टा मानेभोवती घट्ट गुंडाळला होता, ऑक्टोबरच्या उकाड्यात. मी म्हटलं, “काढ की गं, घामानं भिजलीस.” ती काढेना. आईच म्हणाली, “मान काळी झालीये हिची, अंघोळ नीट करत नाही.” मागून मानेवर मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा होता आणि त्याच्या कडेला कातडी सोललेली, लालसर. आई रोज बेसन-लिंबू लावून, शेवटी प्यूमिस दगडानं घासत होती. तो मळ नव्हता. रक्तात इन्सुलिन खूप राहिलं की मानेवर, काखेत कातडी अशी जाड आणि काळपट होते, बारीक चामखिळीही येतात. मुलीची पाळीही तीन-तीन महिने येत नव्हती. मी आईला फक्त एवढंच म्हटलं की घासू नका आणि हिला डॉक्टरांकडे न्या. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं दुपट्टा सोडून मांडीवर ठेवला. मला वाटतं तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं की यात तिची चूक नाही.

तुमच्या सूचना फलकावर एवढं लिहा: मान किंवा काख काळी पडत असेल, पाळी अनियमित असेल, गरोदरपणात साखर वाढली होती असं असेल, तर शिबिराला नक्की या. गरोदरपणातला डायबेटिस बाळंतपणानंतर जातो आणि सगळे विसरून जातात, पण अशा बाईला पुढे डायबेटिस होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते. मधला टप्पा परतवता येतो. हा दिलासा म्हणून सांगत नाहीये, मोजून सिद्ध झालेली गोष्ट आहे. अमेरिकेत तीन हजारांवर लोकांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढ्यावर डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ते अमेरिकन आहेत, आपलं शरीर वेगळं, असं कुणी म्हणेल. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर तेच करून पाहिलं. तीन वर्षांत, फक्त नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात शंभरातल्या ५५ जणांना डायबेटिस झाला, चालणं आणि खाणं यांचा पाठपुरावा केला त्या गटात ३९ जणांना. मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीनंही जवळपास तेवढाच फरक पडला, पण ती कुणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतील. शंभरातले सोळा. तुमच्या एका टॉवरमध्ये एवढी माणसं सहज निघतील.

डॉ. रामचंद्रन यांच्याच चमूनं पुढे केलेला आणखी एक अभ्यास तर थेट तुमच्यासाठीच आहे. नोकरीवर जाणाऱ्या ५३७ पुरुषांपैकी निम्म्यांना मोबाइलवर नियमित छोटे मेसेज पाठवले: आज जिना चढा, ताटात भाजी वाढवा, अशा धाटणीचे. दोन वर्षांनी मेसेज न मिळालेल्यांत २७ टक्क्यांना डायबेटिस झाला होता, मिळालेल्यांत १८ टक्क्यांना. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. पाण्याची टाकी धुणार, लिफ्ट बंद राहणार, हे तुम्ही ग्रुपवर कळवताच. ज्यांची तयारी आहे अशा बॉर्डरलाइनवाल्यांचा एक वेगळा ग्रुप करा, आठवड्याला दोन मेसेज टाका, दर तीन महिन्यांनी टेपनं कंबर मोजा आणि वर्षानं पुन्हा रक्त तपासा. नावं आणि आकडे मात्र कुणाचेही सगळ्यांसमोर येऊ देऊ नका. लग्नाच्या मुलामुलींचे आई-बाप या एका भीतीनं शिबिराला येत नाहीत, हे मला दारातच कळतं.

दुसरं, शतपावली. इंटरकॉमची गोष्ट इथे पुढे न्यायची. स्नायू हलायला लागले की ते फोनची वाट बघत नाहीत, घरातली माणसं स्वतः खाली येऊन पार्सलं घेऊन जातात. चालताना स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतात. ठाण्यात माणूस साडेआठ-नऊला घरी पोचतो, घोडबंदरला त्याहूनही उशिरा, साडेनऊला जेवतो आणि तासाभरात झोपतो. दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण आणि सगळ्यात कमी हालचाल एकाच वेळी. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखरेची उसळी कमी होते. पण बऱ्याच सोसायट्यांत पोडियमचे दिवे दहाला बंद होतात, बागेला कुलूप लागतं, आणि खाली चालायची वाट पार्किंगनं खाल्लेली असते. दिवे अकरापर्यंत ठेवा. चालण्याची एक पट्टी रंगवून घ्या आणि तिथे गाडी लावू देऊ नका. उपवन, येऊरच्या पायथ्याशी रविवारी सकाळी होणारी गर्दी बघून बरं वाटतं, पण रोज रात्रीची पंधरा मिनिटं खालीच चालता आली पाहिजेत.

नौपाडा-पाचपाखाडीत ज्यांचा पुनर्विकास झालाय त्यांच्याबद्दल मला जास्त वाटतं. चाळीस वर्षं तीन मजले चढलेली माणसं आता सतराव्या मजल्यावर लिफ्टनं जातात. घर मोठं मिळालं, पायांचं काम गेलं. जिन्यातले दिवे चालू ठेवा, चपलांची कपाटं आणि जुन्या सायकली हलवा, एवढ्यानं निदान खालचे तीन-चार मजले लोक चालतील.

खाण्याबद्दल थोडंच. गोड सोडलं की झालं, हा गैरसमज आपणच पसरवलाय. भारतीयांच्या आहारात सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीत दिसलं, म्हणजे भात, चपाती, पोहे, साबुदाणा, बिस्किटं. भात सोडून चार चपात्या खाणारे कितीतरी पुरुष मला भेटतात, त्यांना वाटतं पथ्य चाललंय. एकूण वाटा कमी करायला हवा आणि त्या जागी मटकीची उसळ, डाळ, अंडं, मासळी, ताक, पालेभाजी यायला हवी. भाजी-उसळ आधी आणि भात शेवटी खाल्ला तरी फरक पडतो. तुमच्या शिबिरात रक्त दिल्यावर शिरा आणि साखरेचा चहा मिळतो. त्या जागी उसळ ठेवा. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाण्यात मोठे बदल करू नयेत.

शेवटची मागणी गेटवरच्या माणसासाठी. बारा-बारा तासांच्या रात्रपाळ्या, तुटक झोप, स्टुलावर बसून राहणं आणि जागं राहायला साखरेचा चहा. झोप कमी झाली की शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं. तुमच्या यादीत फ्लॅट नंबर असतात, वॉचमन, हाऊसकीपिंगची मुलं आणि घरकामाच्या मावशी त्यात नसतात. पहाटे मला दार उघडून देणाऱ्या एका वॉचमनकाकांनी गेल्या पावसाळ्यात विचारलं होतं, “मॅडम, आमचं पण बघता का कधी?” त्यांचं मी बघितलं. ११८ आली. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्यांची साखर तपासून मिळते, तिथे त्यांना पाठवलं. पण सकाळी पाळी संपल्यावर जायला त्यांना दोन तास सुट्टी लागते, आणि ती तुम्हीच देऊ शकता.

१४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन असतो आणि त्याच्या आसपासच्या रविवारी तुमची बरीच शिबिरं लागतात. त्याआधीच्या एखाद्या समिती बैठकीत हे पत्र वाचा. चार प्रश्नांचा तक्ता मी मराठीत लिहून ठेवलाय, हवा असेल तर छापून घ्या. रविवारी नऊनंतर मी मोकळी असते. बोलावलंत तर टेप घेऊन येईन आणि समितीतल्या दोन-तीन जणांना कंबर कशी मोजायची ते शिकवीन. दादाही येतो म्हणालेत. डोळ्यांवर लेझर झाल्यापासून ते रोज रात्री जेवल्यावर खाली चालतात, आणि १११ चा तो कागद त्यांनी अजून जपून ठेवलाय.

आपली,
नौपाड्यातली एक लॅब टेक्निशियन